बारावा बॉल

पाणी निळं झालं होतं. नळाखालून निळं पाणी चाललं होतं बेसिनमध्ये, आणि मी नुसती बघत होते की हे निळं येतंय कुठून — साबण तर हिरवा होता. हातात बॉल, दुसऱ्या हातात घासणी, आणि बॉलवर एक नाव होतं ते अर्धंच राहिलेलं. मग मी काय करावं? नळ बंद करायचा सोडून मी आणखी जोरात चोळलं. म्हणजे पसरलेला डाग निघेल, असलं काहीतरी डोक्यात आलं — आणि उरलेलं अर्धंही गेलं. मागं वळून बघितलं तर टॉवेलवर अकरा बॉल वाळत घातलेले, मीच घातलेले, ओळीनं. पांढरे. स्वच्छ. एकावरही अक्षर नाही.

पहिल्या अकरांचं कळलंच नव्हतं हो. ते मातीनं एवढे काळे होते की पाणी चहासारखं दिसत होतं, त्यात निळं कुठलं दिसणार? आणि माझं अर्धं लक्ष तनूकडे, ती दोन वर्षांची, बाकावर चढायला बघत होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही — आमच्या ह्यांना तर नाहीच. आईला फोनवर नाही. बहिणीला मी सगळं सांगते, अगदी नको ते पण सांगते, तिला पण नाही. तीन वर्षं झाली. आता तुम्हाला सांगतेय, आणि तेही पहिल्यांदाच, म्हणून जरा इकडचं तिकडे होईल. सांभाळून घ्या.

मी मनमाडची. नववीपर्यंत शिकले, नववी पण पुरी नाही. बाप रेल्वेत गँगमन होता, मी सहावीत असताना गेला. हे आमच्याच समाजातले, पण खूप शिकलेले, एम टेक. लग्न जमलं तेव्हा सगळे म्हणाले पोरीचं नशीब उघडलं. एकोणिसाव्या वर्षी जर्मनीत न्युरेम्बर्गला गेले, ह्यांची नोकरी तिथल्या मोठ्या कंपनीत, आम्ही राहायचो गावाबाहेर एका तीन मजली घरात. ऑफिसातल्यांना ह्यांनी सांगितलेलं की बायको बारावी झालीय. मला म्हणाले, कुणी विचारलं तर बारावी म्हण, आणि जास्त बोलू नको. मग मी कमीच बोलायचे. भाषा पण येत नव्हती, सोपंच होतं ते.

आणि हे आणखी एक सांगायचे — इथे कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. एक जरी तक्रार गेली ना, आउसलेंडरबेहोर्डला कळलं ना, व्हिसा गेला समज. ते ऑफिस म्हणजे परदेशी लोकांचे कागद बघतात ते. मी त्या ऑफिसात एकदाच गेले होते, तनू पोटात होती, आणि त्या खिडकीतल्या बाईकडे बघून मला घाम फुटला होता. आता मला माहितीय की असं काही नसतं. चार बॉल धुतले म्हणून कुणी कुणाला विमानात बसवून देत नाही. पण तेव्हा खरं वाटायचं. अगदी खरं.

आमच्या खालच्या मजल्यावर ओपा राहायचे. ओपा म्हणजे आजोबा. तनू म्हणायची म्हणून मी पण तेच म्हणायला लागले. वय पंचाहत्तरच्या आसपास, बायको गेलेली, मुलगी बिर्गिट दुसऱ्या गावात. मला ते "फ्राउ नाखबारिन" म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. बावीस वर्षांची मी, आणि ओपा डोक्यावरची टोपी उचलून शेजारीणबाई म्हणणार. मला हसू यायचं. जिना पुसायची पाळी एक आठवडा त्यांची, एक आठवडा आमची. त्यांच्या पाळीला मी पुसून टाकायचे, मग ते खुर्ची घेऊन दारात बसायचे आणि मला शब्द शिकवायचे. बादली दाखवायचे, शब्द सांगायचे. झाडू दाखवायचे. तनूला तर त्यांनीच बोलायला शिकवलं म्हणा ना. मी मराठीत विचारलं की ती अजून जर्मनमध्येच उत्तर देते, ते तिथूनच.

त्या देशात दिवसभर माझ्याशी बोलणारा माणूस एकच होता. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओपांचा जीव बेसबॉलमध्ये. मला आधी ठाऊकच नव्हतं हा खेळ काय असतो. आपल्या क्रिकेटसारखाच, पण दांडका गोल, आणि पळायचं गोलगोल, वाटेतल्या बेसना पाय लावत. युद्धानंतर तिथे अमेरिकन सैन्य होतं, त्यातल्या एकानं गावातल्या पोरांना गोळा करून खेळ शिकवला, त्या पोरांतले ओपा एक. त्यांनीच पुढे क्लब काढला. त्या पहिल्या टीममधले आता एकटे ओपाच उरलेले. बाकी सगळे गेले.

आणि त्या गेलेल्यांसाठी त्यांची एक पद्धत होती. कुणी खेळाडू वारला की घरच्यांनी त्याचा एक बॉल आणून द्यायचा, त्यानं वापरलेला, मळलेला. ओपा त्यावर शाईच्या पेनानं त्याचं नाव लिहायचे आणि क्लबातल्या काचेच्या कपाटात ठेवायचे. मग एप्रिलमध्ये, पहिल्या मॅचच्या आधी, सगळे मैदानात उभे राहायचे. ओपा एक बॉल उचलणार, नाव वाचणार, आणि आताच्या टीममधला कोणीतरी तो बॉल पळत नेऊन ठेवणार — जिथं तो माणूस खेळताना उभा राहायचा, बरोबर तिथं. असं करत सगळे बॉल गवतावर. टोप्या काढून सगळे गप्प. मग गोळा करून परत कपाटात, आणि मॅच सुरू.

मी आदल्या वर्षी बघितलं होतं ते, तनूला बाबागाडीत घेऊन. मला रडूच आलं होतं. पण एक सांगू? मला लाज पण वाटली होती. त्या हिरव्यागार गवतावर ते घाणेरडे बॉल. मनात आलं, ह्या मेलेल्या माणसांचं कुणी नाहीच का करणारं?

कारण आमच्याकडे असं नसायचं. बापाच्या वर्षाच्या दिवशी आई त्याची एकेक वस्तू काढायची. जेवणाचा डबा, शिट्टी, रेल्वेचा पितळी बिल्ला. चिंच लावून घासायची, अशी घासायची की घाम निघायचा, मग पांढऱ्या कापडावर फोटोसमोर मांडायची, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायचो. बिल्ल्यावर बापाचा नंबर होता. घासून घासून तो नंबर पार गेला. कुणाला वाईट नाही वाटलं. उलट मोठी आत्या म्हणायची, बघा, हिनं किती केलंय त्याचं.

म्हणून मी धुतले ते बॉल. दुसरं काही कारण नाही.

त्या वर्षी — जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होता ते वर्ष, बेकरीत पण झेंडे विकत होते — ओपांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन कुबड्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. तर पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मला क्लबची किल्ली देऊन म्हणाले, शेजारीणबाई, कपाटाची तेवढी काच पुस. धूळ फक्त. "नुर श्टाउब", बोट वर करून म्हणाले. फक्त धूळ. शब्द मला कळला होता, त्यांनीच शिकवलेला. मीच ठरवलं की नाही, मी जास्त करीन. ते बघतील आणि खूश होतील. कोणाला तरी माझ्यामुळे बरं वाटेल, असं किती दिवसांत झालं नव्हतं.

तर मी तिथं उभी. बारा पांढरे बॉल. तनू रडायला लागलेली. तिला काखेत घेतलं आणि खोलीभर नुसत्या फेऱ्या मारल्या. ह्यांना फोन करू? काय सांगू? ओपांना जाऊन सांगू? काय म्हणू, मला शब्द कुठे येतात? शब्द येत होते हो. "मी धुतले. माफ करा." एवढे येत होते. तुम्ही असता तर काय केलं असतं, सांगा ना. गेला असतात का खाली मान घालून? मी नाही गेले.

भिंतीवर एक फोटो होता, जुना, काळापांढरा. पहिली टीम. खाली सगळ्यांची नावं छापलेली, आणि काही नावांपुढे पेन्सिलनं बारीक क्रूस काढलेला. तिथं मेलेल्या माणसाच्या नावापुढे असा क्रूस काढतात, हे मला माहीत होतं. मी मोजले. अकरा क्रूस.

बॉल बारा.

परत मोजले. अकराच. मग मी बॉल हीटरवर ठेवून वाळवले, पर्समधलं पेन काढलं, आणि फोटोत बघून बघून एकेका बॉलवर एकेक नाव उतरवलं. कुठला बॉल कुणाचा — काही पत्ता नाही. जो हाताला येईल त्याच्यावर जे पुढचं असेल ते नाव. ती अक्षरं लिहायची मला सवय नाही, म्हातारा माणूस लिहितो तशी वाकडीतिकडी आली. तसंच दिसलं ते. पुढे ते पण उपयोगाला आलं मला. काय बोलतेय मी — उपयोगाला.

बारावा राहिला. कोरा बॉल कपाटात ठेवला तर कोणीतरी विचारणार. नसलेल्या बॉलबद्दल कोण विचारणार? मी तो तनूच्या डायपरच्या पिशवीत घातला, खाली, अगदी तळाला. आणि कपाटातले अकरा जरा लांब लांब करून मांडले, रिकामी जागा दिसू नये म्हणून. बघा, एवढं सुचलं मला. घाबरलेल्या माणसाला एवढं सुचतं का?

ओपांना किल्ली परत दिली. ते म्हणाले, झालं? मी म्हटलं, झालं.

रविवारी ऊन होतं पण गारठा होता. तीसचाळीस माणसं. हे पण आले होते, नवा कॅमेरा घेऊन. बिर्गिट आलेली, बापाच्या मागे खुर्ची धरून उभी. कुबड्यांमुळे आणि डोळ्यांमुळे त्या वर्षी पहिल्यांदाच ओपांनी वाचायचं नाही असं ठरलं. क्लबचा अध्यक्ष वाचणार — राउ, चाळिशीचा माणूस, चांगला माणूस. ओपा बाजूला बसून ऐकत होते, ओठ हलत होते त्यांचे. पाठच होती ना सगळी नावं. राउ वाचायच्या आधी ओपांचे ओठ हलायचे.

अकरा झाले. राउनं टोपी घातली. ओपा तसेच बसलेले, टोपी मांडीवर.

"आणि एडी?"

राउ म्हणाला, "कोण एडी?"

"कोण एडी म्हणे!" ओपा हसले. "ज्यानं आम्हाला दांडका धरायला शिकवलं तो! अमेरिकन!"

मागून एक पोरगा म्हणाला, "ओपा, तुमच्याहून म्हातारा कुणी असतो होय?" — आणि माणसं हसली, प्रेमानंच हसली. पण ओपा उठायला लागले. कुबडी घसरली. म्हणाले, बॉल बारा आहेत. कपाटात बघा. एडी अमेरिकेत वारला तेव्हा त्याच्या बायकोनं पार्सलनं पाठवलाय तो बॉल, मी स्वतः नाव लिहिलंय. एक पोरगा पळत जाऊन बघून आला. कपाट रिकामं. सॉसेज विकायला बसलेली एक बाई म्हणाली, मला वाटतं, होतं बाई असं काहीतरी नाव. दुसरा म्हणाला, नाही, मी तर कधी ऐकलं नाही. इतकी वर्षं ओपाच वाचायचे, पुटपुटत वाचायचे, बाकीचे खाली मान घालून उभे. कोण मोजतंय?

राउनं एक बॉल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला, हळूच विचारलं, "ही नावं तुम्ही परत लिहिलीत का? नवीन दिसतायत." ओपांनी बॉल नाकापर्यंत आणला. "नाही," म्हणाले. मग म्हणाले, "मला आठवत नाही." बिर्गिटनं तोंडावर हात ठेवला. हिवाळ्यात एकदा त्यांनी शेगडी चालू ठेवून दार लावलं होतं, तेव्हापासून ती बापावर डोळा ठेवून होती.

आणि मग ओपांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे — डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, आवाजाच्या अंदाजानं, तनू बडबडत होती तिकडं. सगळ्यांना म्हणाले, "तिला विचारा! फ्राउ नाखबारिनला! काल तिनंच पुसलंय कपाट." चेहरा असा उजळलेला त्यांचा. "सांग त्यांना, किती होते?"

बाबागाडीच्या दांडीला डायपरची पिशवी लटकत होती. माझा हात तिच्यावर होता. कापडातून तो गोल कडक बॉल लागत होता हाताला. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. हे मराठीत हळूच म्हणाले, "अगं सांग ना, काय विचारतायत ते, आकडाच तर सांगायचाय."

मी म्हटलं, "एल्फ."

एल्फ म्हणजे अकरा.

हे आहे ते. एवढा एक शब्द. बॉल धुतले ते चुकून झालं, लपवला तो घाबरून, पण हा शब्द मी बोलले, माझ्या तोंडानं, स्पष्ट. उच्चार पण चांगला आला. ह्यांनी नंतर गाडीत कौतुक केलं, चारचौघांत जर्मन बोललीस म्हणून.

मघापासून तुम्हाला विचारतेय, तुम्ही असता तर काय केलं असतं. आता नाही विचारत. तुम्ही नव्हता तिथं. मी होते.

ओपा खाली बसले. राउनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मॅच सुरू झाली, सॉसेज भाजायला लागले.

दुसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. दारात ओपा, कुबड्या घेऊन एक मजला चढून आलेले, धापा टाकत. मला वाटलं कळलं. तर ते माझी माफी मागायला आले होते. माफी, माझी! "शेजारीणबाई, काल तुला सगळ्यांसमोर उगाच ओढलं. म्हातारा झालोय." मी चहा केला, त्यांना आपला चहा आवडायचा, आलं घातलेला. कप हातात धरून बसले. म्हणाले, घरी येऊन त्या टीमच्या फोटोची माझी प्रत काढली, भिंग घेऊन बघितलं. एडी नाहीये त्यात. एकेक चेहरा बघितला. नाहीये. मग मी कुणाला आठवतोय?

आणि मला माहीत होतं. ऐका, हे मला माहीत होतं. आदल्या हिवाळ्यात जिन्यात बसून त्यांनीच मला सांगितलं होतं — फोटो काढणारा एडीच होता, कॅमेरा पण त्याचाच. फोटो काढणारा फोटोत कसा येणार, म्हणून हसले होते, आणि मला पहिल्यांदाच जर्मनमधला विनोद कळला म्हणून मी पण हसले होते. त्यांना ते आता आठवत नव्हतं, कालच्या धक्क्यानं म्हणा, कशानं म्हणा. मला आठवत होतं. बॉलचं काही न बोलता मी एवढंच म्हटलं असतं ना — "ओपा, फोटो त्यानं काढला" — तरी त्यांना त्यांचा माणूस परत मिळाला असता. ते वाक्य मला येत होतं. चार शब्दांचं. मी त्यांना बिस्किट दिलं.

का नाही बोललं? भीती वाटली की एक धागा ओढला की सगळंच उसवेल. फोटो निघाला की एडी निघणार, एडी निघाला की बॉल.

मग भराभर झालं सगळं. बिर्गिट त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. प्रश्न विचारतात म्हणे तिथं, आजचा वार कुठला, घड्याळ काढून दाखवा. ओपा आधीच खचलेले, प्रत्येक उत्तराआधी थांबायचे, खरं आहे का हे, मी बनवतोय का. असं थांबत थांबत बोलणाऱ्या म्हाताऱ्याला डॉक्टर काय म्हणणार? त्यांनी क्लबची किल्ली राउला देऊन टाकली, स्वतःहून. जिन्यात बसायचे बंद झाले. तनू त्यांच्या दाराशी जाऊन "ओपा, ओपा" करायची, ते उघडायचे, पण शब्द शिकवायचे नाहीत. म्हणायचे, तुझी आई शिकवेल, मला आता भरवसा नाही. झाडं पिवळी झाली तेव्हा बिर्गिटनं त्यांना म्हाताऱ्यांच्या हाइममध्ये ठेवलं. सामान न्यायला गाडी आली त्या दिवशी मी खिडकीचा पडदा लावून घेतला.

त्यांचं डोकं खरंच जात होतं का? असेल. शेगडी त्यांनीच चालू ठेवली होती, मी नाही. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. त्यानं काही फरक पडत नाही. एडी होता, हे त्यांना नीट माहीत होतं, आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

पुढच्या वसंतात मी हाइममध्ये गेले. बसनं, तनूला घेऊन. सांगायचं ठरवून गेले होते, खरंच. आदल्या दिवशी वाक्यं पाठ केली होती. तोपर्यंत माझी भाषा सुधारली होती, व्हिसाचं पण सगळं कळलं होतं, कुणी मला काही करणार नव्हतं. स्वच्छ खोली, खिडकीत फुलं, बाजूच्या खाटेवर दुसरे एक आजोबा. ओपांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, मला लांबूनच ओळखलं, टोपी नव्हती तरी हात डोक्याकडे गेला. बाजूच्या आजोबांना म्हणाले, "ही माझी शेजारीण. बाकीचे सगळे माझ्या कलानं घेतात. ही खरं सांगते."

तनू त्यांच्या खाटेवर चढून बसली. त्यांनी तिच्या बुटाची नाडी बांधली. मग माझ्याकडे न बघता, नाडीकडे बघतच विचारलं, "अकराच होते ना गं?"

कुणी नव्हतं. ते बाजूचे आजोबा झोपेला आलेले. हे नव्हते, राउ नव्हता, बिर्गिट नव्हती. पाठ केलेली वाक्यं तोंडात होती.

मी म्हटलं, "हो. एल्फ."

पहिल्यांदा मी घाबरले होते. ह्या वेळी भीती नव्हती. ह्या वेळी मला एवढंच नको होतं, की त्या माणसानं मान वर करून माझ्याकडे बघावं आणि त्याला कळावं मी कोण आहे. त्यांच्या मनात मी खरं बोलणारी होते, आणि तसंच राहू दे असं मला वाटलं. त्यासाठी मी त्यांना परत एकदा वेड्यात काढलं.

"बरं," म्हणाले. "मग बरं." आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

त्या वर्षाच्या शेवटी ते गेले. बिर्गिट आमच्याकडे आली. त्यांचा बॉल तिनंच आणून दिला होता क्लबात, राउनं नाव लिहिलं. म्हणाली, एप्रिलमध्ये पप्पांचा बॉल तू नेऊन ठेव. शेवटी शेवटी ते तुझंच नाव घ्यायचे. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ताप आलाय म्हणता आलं असतं, तनू आजारी आहे म्हणता आलं असतं. खोटं बोलणं मला जमतं, तुम्ही बघितलंच. पण मी हो म्हटलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं तिनं विचारलं म्हणून. ते पण लपवत नाही.

सगळे टोप्या काढून उभे होते. राउनं अकरा नावं वाचली, पोरांनी पळत जाऊन बॉल ठेवले, चुकीचे बॉल चुकीच्या जागांवर, सगळे. मग त्यानं ओपांचं नाव वाचलं. मी तो बॉल दोन्ही हातांत धरून चालत गेले, त्यांची जागा तिसऱ्या बेसपाशी, आणि वाकून ठेवला. मळका होता. मी पुसला नाही. परत आले तर बिर्गिटनं मला मिठी मारली आणि रडली, माझ्या खांद्यावर तिचं डोकं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

एडीचं नाव कुणी वाचलं नाही. तो माणूस होता हे त्या मैदानात मला एकटीला माहीत होतं. राउनं टोपी घातली, मग सगळ्यांनी घातल्या, आणि मी तनूचं बोट धरून बाकावर जाऊन बसले.